भट्टीवाल्यांचा घरचा ताप

भट्टीवाले आबा भर उन्हाळ्यातही स्वेटर घालायचे, आणि का घालता हे त्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते सांगायला बसायचे, आणि एकदा बसले की गिऱ्हाइकाच्या हातातला गरम पाव गारढोण झाला तरी उठायचे नाहीत.

"गार वारं आम्हाला चालत नाही," ते सुरुवात करायचे. "आमच्या घराण्यातच नाही ते. माझ्या आजोबांनी ही भट्टी घातली ती काय पाव विकायला घातली असं वाटतं तुम्हाला? शेकायला घातली! पाव आपले जाता जाता विकले."

दोन रस्ते मिळतात तिथल्या कोपऱ्यावर त्यांची बेकरी होती. पुढे काउंटर आणि बिस्किटांच्या बरण्या, मधे पीठ मळायची खोली, मागे भट्टी. भट्टीच्या वर राहायच्या खोल्या. बारा महिने खोल्यांची फरशी कोमट असायची, आणि घरात आलेला पाहुणा पाच मिनिटांत कपाळ पुसायला लागायचा. आबांना मात्र तिथेच काय ते बरं वाटायचं. बेकरीतून बाहेर पाऊल टाकायचं तर ते आधी आकाशाकडे बघायचे, मग मफलर शोधायचे, आणि शेवटी मुलाला पाठवायचे.

त्यांना ऐकूही कमी यायचं. कमी म्हणजे काय, गिऱ्हाइकाने दोन पाव मागितले तर ते डझनभर बांधून द्यायचे, आणि गिऱ्हाईक 'नको नको' म्हणालं तर आणखी टोस्ट घालायचे. लोक हसून घेऊन जायचे, त्यामुळे धंद्याला ते एका अर्थी बरंच होतं. कान कशाने गेले असं कुणी विचारलं की ते पीठ मळायच्या मशीनकडे बोट दाखवायचे. "या बयेनं खाल्ले. दिवसभर डोक्याशी खडखड, खडखड." मशीन विकत घेतलं तेव्हाच त्यांचे कान अर्धे गेलेले होते, हे त्यांच्याही लक्षात नव्हतं आणि इतर कुणाच्याही. घरात सगळेच ओरडून बोलायचे. नवीन माणसाला वाटायचं, इथे भांडण चाललंय. चाललेलं असायचं काय, तर 'चहा घेता का' एवढंच.

आता त्यांच्या त्या प्रसिद्ध तापाविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे.

गार वारं लागलं, भिजायला झालं, किंवा एखाद्या थंडगार हॉलमध्ये बसावं लागलं, की काही तासांत आबांच्या अंगावर लाल गांध्या उठायच्या. डोळे लालबुंद व्हायचे, गुडघे आणि बोटांचे सांधे ठणकायचे, आणि संध्याकाळपर्यंत ताप चढायचा. एक-दोन दिवस राहायचा आणि जसा आला तसा निघून जायचा. हे त्यांना लहानपणापासून व्हायचं. त्यांच्या आईला व्हायचं. आईच्या वडिलांना, म्हणजे भट्टी घालणाऱ्या आजोबांनाही व्हायचं. एक मामा होते, त्यांनी हट्टाने बर्फाच्या कारखान्यात नोकरी धरली आणि दुपारच्या जेवणाआधीच सुजलेलं तोंड घेऊन घरी परतले. हा किस्सा आबा अभिनयासकट सांगायचे.

घरात या प्रकाराला 'घरचा ताप' म्हणायचे. त्यावरचा उपायही घरचाच होता. मैद्याचं रिकामं पोतं अंगाभोवती गुंडाळायचं आणि भट्टीच्या भिंतीला पाठ लावून बसायचं. ताप त्याने जायचा की तसाही जाणारच असायचा, हे शोधून काढावंसं चार पिढ्यांत एकालाही वाटलं नाही. वाटेल कशाला? आजार म्हणजे खोकला, जुलाब, कावीळ. आजार बाहेरून येतो. हा तर घरातलाच होता, नाकासारखा, उंचीसारखा, तिरसटपणासारखा. घरच्या माणसाला कुणी डॉक्टरकडे नेतं का?

आबांच्या मुलालाही तो होता, जरा सौम्य. मुलगा मुळातच सौम्य. सायकलवरून पाव पोचवायचा, वडिलांच्या शब्दाबाहेर जायचा नाही, आणि ताप आला की मुकाट पोतं घेऊन भिंतीशी बसायचा. त्याचं लग्न एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीशी झालं. सून शांत आणि नीटस होती. हळू बोलायची. या घरात आल्यावर पहिले काही महिने तिला कुणी ऐकलंच नाही. मग तीही ओरडायला शिकली.

त्यांना मुलगी झाली. गोल, गुबगुबीत, वरून जरा तांबूस. आबांनी तिला 'बनी' म्हणायला सुरुवात केली, कारण ती भट्टीतून नुकत्याच काढलेल्या बनसारखी दिसते असं त्यांचं म्हणणं होतं. पण मनातून ते जरा हिरमुसले होते. नाक आईचं, रंग आईचा, हसणं आईचं. येणारा जाणारा म्हणायचा, "अगदी आईवर गेली हो!" आणि आबा तोंडदेखलं हसून काउंटर पुसायला लागायचे. आपल्या चार पिढ्यांच्या भट्टीचं या पोरीत काही म्हणजे काही उतरलं नाही, हे त्यांना लागलं होतं. माणसाला काय लागेल ते सांगता येत नाही.

बनी चालायला लागली होती त्या हिवाळ्यातली गोष्ट. सून तिला घेऊन भाजीला गेली आणि वाटेत बोचरं वारं सुटलं. घरी येऊन झबलं काढलं तर पोटावर, मांड्यांवर लाल गांध्या. संध्याकाळी पोरीला फणफणून ताप भरला, डोळे लाल झाले, आणि ती किरकिर करून पाय जवळ घ्यायला लागली. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. ती तिला कडेवर घेऊन जिना उतरून धावत खाली आली.

"बाबा, बघा ना हिला काय झालं!"

आबांनी चष्मा लावला. गांध्या पाहिल्या, डोळे पाहिले, गुडघ्याला हात लावला. आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की सुनेला वाटलं, यांना दिसलं नसावं.

"आपल्यावर गेली!" ते ओरडले. "अरे, कुठे आहेस? बघ, तुझी लेक आपल्यावर गेली! घरचा ताप आहे हा!"

त्यांनी बनीला पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि काउंटरवरची बिस्किटांची बरणी उघडून येईल त्याच्या हातावर बिस्किटं ठेवली. कशाबद्दल, म्हणून लोकांनी विचारलं. "नात आमची झाली," ते म्हणाले. लोकांना काही कळलं नाही, पण बिस्किटं फुकट होती.

त्या बिस्किटांची आठवण आली की पुढे त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पण तो दिवस मात्र त्यांनी छाती फुगवून काढला, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

सुनेच्या माहेरी ताप म्हणजे ताप. तो आला की डॉक्टरकडे जायचं. ती जवळच्या गल्लीतल्या तरुण डॉक्टरकडे गेली. त्याने घसा बघितला, औषध दिलं, दोन दिवसांत ताप उतरला आणि श्रेय औषधाला मिळालं. काही आठवड्यांनी पुन्हा ताप. पुन्हा औषध, पुन्हा उतरला. मग कानात काही आहे का, लघवीत काही आहे का, छातीत काही आहे का, सगळं बघून झालं. कुठे काही सापडेना. रक्त तपासलं की त्यात शरीर कशाशी तरी झुंजतंय एवढं दिसायचं, पण कशाशी ते दिसायचं नाही. ताप मात्र पाचवीला पुजल्यासारखा येतच राहिला. पोर वाढत होती, पण अंगाने भरेना. बनच्या गोलाईचा मागमूस उरला नाही.

डॉक्टर वयाने लहान असला तरी डोक्याने बरा होता. तो काळजीत पडला. एकदा त्याने सांगितलं, घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन या, मला थोडं विचारायचंय. आबा आले. स्वेटर, मफलर, कानटोपी, सगळा सरंजाम लेवून आले आणि बनीला मांडीवर घेऊन खुर्चीत ऐसपैस बसले.

"आजोबा," डॉक्टर मोठ्याने म्हणाला, "तुमच्या घरात आणखी कुणाला असा काही आजार आहे का? वारंवार ताप येणं, सांधे दुखणं, अंगावर पुरळ?"

"आजार?" आबा म्हणाले. "छे! आमचं घराणं ठणठणीत आहे. माझं वय बघा. भट्टी एक दिवस बंद ठेवली नाही मी."

सुनेने तोंड उघडलं. "बाबा, पण तुम्हालाही थंडीत..."

"अगं, तो काय आजार आहे?" आबा मोठ्याने हसले. "तो घरचा आहे. डॉक्टरसाहेब आजाराचं विचारताहेत." आणि डॉक्टरकडे वळून म्हणाले, "नाही हो. आजार म्हणाल तर आमच्याकडे कुणालाच नाही."

बनीही हसली, कारण आबा हसत होते. डॉक्टरने मान हलवली आणि कागदावर काहीतरी खोडलं. त्याने आणखी एखादा प्रश्न विचारायला हवा होता, असं आता कुणीही म्हणेल. पण समोरचा म्हातारा इतक्या खात्रीने नाही म्हणत असताना त्याला खोदून विचारायचं सुचणं सोपं नाही, आणि दाराबाहेर रांग होती. सुनेने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुन्हा सोडलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आबा खोटं बोलले नाहीत. काही लपवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. तुमच्या घरात कुणाला नाक आहे का, असं विचारल्यावर माणूस जसा गोंधळेल, तसे ते गोंधळलेही नाहीत, इतकं ते त्यांना साधं वाटलं. त्यांनी मनापासून, अगदी खरं उत्तर दिलं, आणि त्या उत्तराने बनीची दोन वर्षं गेली.

ती दोन वर्षं कशी गेली म्हणाल, तर आबांची फार सुखात गेली. हे सांगायला जड जातं, पण तसंच आहे. ताप आला की बनी आपणहून खाली यायची. आबा दोन पोती काढायचे, एक मोठं आणि एक अर्धं फाडलेलं. दोघं भिंतीला पाठ लावून बसायची आणि तुटके टोस्ट दुधात बुडवून खायची. आबा तिला बर्फाच्या कारखान्यातल्या मामांची गोष्ट सांगायचे, सुजलेलं तोंड करून दाखवायचे.

"आबा, माझा गुडघा दुखतो," बनी म्हणायची.

"माझाही दुखतो. तेवढं चालायचंच."

"खूप दुखतो."

"मग माझ्या गुडघ्याला सांग, तो तुझ्या गुडघ्याची समजूत काढेल."

ती गुडघ्याला गुडघा लावायची आणि गप्प व्हायची. हळूहळू तिने दुखतं म्हणणंच सोडून दिलं. आबांना वाटलं, पोर शहाणी झाली. कौतुकाने ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "हूं की चूं करत नाही. पक्की भट्टीवाली!"

बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. मुलगा पहिल्यापासून अबोल. शेजारी बसून कुणी त्यांचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. आता हे 'ऐकून घेतलं' लिहितानाही हात अडखळतो, कारण बनी त्यांचं ऐकत होती की नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघत होती, हे तेव्हा कुणी तपासलं नव्हतं.

ते तपासलं बालवाडीच्या बाईंनी. त्यांनी सुनेला बोलावून घेतलं आणि जरा चाचरत विचारलं, "घरी ही हाकेला ओ देते का हो? इथे मी मागून हाक मारली की वळतच नाही. मुलं तिला शिष्ट म्हणायला लागलीत. पण समोर उभं राहून सांगितलं की सगळं करते."

घरी ती ओ द्यायची. घरी सगळेच ओरडायचे ना! भिंतीपलीकडच्या माणसानेही ओ द्यावी अशा आवाजात त्या घरात चहा विचारला जायचा. तिथे एका पोरीला कमी ऐकू येतंय हे कुणाला कळणार?

कानांची तपासणी झाली. दोन्ही कान बरेच गेले होते. सून कागद घेऊन बेकरीत आली आणि आबांना सांगितलं. आबांच्या तोंडून सवयीने अर्धं वाक्य निघून गेलं, "म्हणजे माझ्यासारखीच की..." आणि तिथेच ते थांबले.

त्यांचे कान मशीनने गेले होते. बनी कधी मशीनजवळ उभी राहिली नव्हती. मशीनच्या खोलीत तिला जाऊच द्यायचे नाहीत.

ते उठले आणि त्या खोलीत गेले. मशीन बंद होतं. त्याच्या कडेला वाळलेलं पीठ त्यांनी नखाने खरवडलं. मग त्यांना आई आठवली. आई जेमतेम चाळिशीची असेल तेव्हा तिला हाक ऐकू यायची बंद झाली होती. आईच्या वेळी मशीन कुठे होतं? पीठ हातांनी मळायचे. थंडीत आईची बोटं सुजायची, ती पीठ मळायला उठायची नाही, आणि घरातल्या बायका तिला कामचुकार म्हणायच्या. लहानपणी आबाही म्हणाले होते एकदा, इतरांचं ऐकून. मशीनवर हात ठेवून ते बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि बाहेर गिऱ्हाइकं हाका मारत राहिली.

मोठ्या दवाखान्यात नेल्यावर तिथल्या पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांची पाळी आली. बाहेरच्या हॉलमध्ये एसीचा गारठा सोडलेला होता. बसून बसून आबांच्या मानेवर आणि मनगटांवर गांध्या उठल्या. आत गेल्यावर बाईंनी बनीला तपासलं, आणि मग त्यांची नजर बनीच्या आजोबांच्या मनगटावर गेली. त्यांनी आजाराचं काहीच विचारलं नाही.

"आजोबा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "थंडी फार बाधते वाटतं तुम्हाला?"

बस्स. आबा सुटले. लहानपणचं सांगितलं, पोत्याचं सांगितलं, लालबुंद डोळ्यांचं सांगितलं. बाई जिवाचा कान करून ऐकत होत्या, मधेच काही लिहून घेत होत्या. इतकं मन लावून त्यांची कहाणी अजून कुणी ऐकली नव्हती. आबांना स्फुरण चढलं. बर्फाच्या कारखान्यातले मामा त्यांनी तिथेही करून दाखवले. पण या वेळी बाई हसल्या नाहीत.

"आई कशाने गेल्या तुमच्या?"

"अंगावर सूज आली. मूत्रपिंडं निकामी झाली म्हणाले."

"आणि त्यांना ऐकू यायचं?"

"नाही," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. बोलता बोलता त्यांनी सुनेकडे बघितलं होतं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. बनीच्या सँडलचा पट्टा लागलेलाच होता, तो ती सोडून पुन्हा लावत होती.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हा जंतूंचा ताप नव्हे, म्हणून जंतूंच्या औषधांनी तो कधी गेलाच नाही. शरीरात आजाराशी लढणारी जी यंत्रणा असते ती बिघडलेली असते, आणि काही शिरलेलं नसतानाच ती पेटून उठते. काहींच्यात ती थंडीने पेटते. हे रक्तातून पुढच्या पिढीत जातं. कान त्यानेच जातात, आणि वय झाल्यावर मूत्रपिंडंही जाऊ शकतात. रक्त तपासून नक्की करू. याच्यावर आता इंजेक्शनं आहेत.

"अशा मुलांचं निदान घरच्या माणसांच्या माहितीवरूनच पटकन होतं," त्या कागद भरता भरता त्याच मोठ्या आवाजात सुनेला म्हणाल्या. "हे सगळं आधीच्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं का?"

सुनेने सँडलचं बक्कल दाबून धरलं.

"मला विचारलं होतं," आबा म्हणाले. "त्यांनी मला सरळ विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आधी कळलं असतं तर हिचे कान राहिले असते?"

"तसं छातीठोक नाही सांगता येणार, आजोबा," बाई म्हणाल्या. पण त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी पुढचंही सांगितलं. "पण कानांना धक्का लागायच्या आत सुरू केलं, तर बऱ्याच मुलांचे राहतात. आता आहेत तेवढे टिकवायचे."

रक्ताचे निकाल आले, इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या इंजेक्शननंतर दुसऱ्याच दिवशी बनी जिन्यावरून उड्या मारत खाली आली. ती उड्या मारू शकते हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तोवर सगळे समजत होते, पोर स्वभावानेच शांत आहे. कानांमागे लावायची यंत्रं आली. आठवड्यातून काही दिवस सून तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायची, कारण कितीतरी शब्द बनी चुकीचे ऐकून चुकीचे बोलत होती. ताप गेला. ऐकणं गेलं ते गेलं.

आबांनी बनीसाठी पोतं काढणं बंद केलं. खरं तर त्यांनी बोलणंही बंद केलं. गिऱ्हाइकाने स्वेटरबद्दल विचारलं तर ते 'असंच' म्हणायचे आणि मागितले तेवढेच पाव बांधून द्यायचे. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आणि त्यांच्या मुलालाही इंजेक्शनं घ्यायला सांगितली होती. मुलाने घेतली. आबांनी ऐकलं नाही. "माझं काय राहिलंय आता?" ते म्हणायचे. पण त्यांच्या मूत्रपिंडांवर परिणाम दिसायला लागला होता, आणि शेवटी एक दिवस सुनेने त्यांच्यासमोर मफलर आणि चपला आणून ठेवल्या आणि नुसती उभी राहिली. ते निमूट तिच्या मागून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पीठ बघायला उठले तेव्हा त्यांना वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. बोटं मिटत होती. पुरती, तळव्याला टेकेपर्यंत, काही न ठणकता. जिना उतरताना गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. त्यांनी मळलेल्या पिठाचा एक गोळा घेतला आणि उगाच दाबून पाहिला, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी स्वेटर काढून खुंटीला अडकवला आणि मागचं दार उघडून परसात जाऊन उभे राहिले. बाहेर कडाक्याची थंडी होती. तोंडातून वाफा निघत होत्या. शाळकरी पोराने चोरून पतंग उडवावा तसे ते तिथे उभे होते, घाबरलेले आणि खूश. आत येऊन त्यांनी वाट पाहिली. सकाळ गेली, दुपार झाली. हातावर गांधी उठली नाही. डोळे लाल झाले नाहीत. साठी उलटून गेलेल्या माणसाच्या अंगात पहिल्यांदाच कुठे म्हणजे कुठे दुखत नव्हतं.

दुपारच्या सामसुमीत सून मैद्याचा हिशोब बघायला मागे आली, तर आबा पोत्यांच्या थप्पीवर बसून रडत होते. हुंदके देऊन, लहान मुलासारखे.

"बाबा! काय झालं? ताप आला का?"

त्यांनी मान हलवली. स्वतःला जरा सावरलं.

"सूनबाई, तुला रोज असंच असतं?"

"कसं?"

"असं. काहीच दुखत नाही असं."

"हो, बाबा."

"लहानपणापासून?"

"हो."

आबांनी बाहीने डोळे पुसले. "मला वाटायचं सगळ्यांचंच दुखतं. बाकीचे बोंबलतात आणि आपण बोंबलत नाही, एवढाच फरक. पोर मला सांगत होती गं, खूप दुखतंय म्हणून. मी तिची थट्टा केली. गप्प बसायला शिकवलं मी तिला." मग एकाएकी ते चिडल्यासारखे म्हणाले, "आणि त्या दिवशी दवाखान्यात मी नाही म्हणालो, तेव्हा तू गप्प का बसलीस? तुला तर दिसत होतं ना? माझं तोंड का नाही दाबलंस? सासरा म्हणून? मर्यादा म्हणून?"

सून त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"मर्यादा म्हणून नाही, बाबा. तुम्ही खोटं बोलला असतात तर मी तिथेच भांडले असते. आणि आजवर तुमच्यावर राग काढून मोकळी झाले असते." तिने एक श्वास घेतला. "पण तुमचं बोलणं मला पटलं होतं. तुम्ही एवढे हसत होतात, बनी हसत होती. मला वाटलं, खरंच काही नसेल. माझंच माहेर घाबरट. मी आई होते तिची, आणि मला पटलं."

आबांना यातला शब्दन् शब्द ऐकू आला. ती ओरडली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत बघत, ओठ नीट दिसतील अशा बेताने, एकेक शब्द सावकाश सुटा करत ती बोलत होती. असं बोलायची सवय तिला बनीमुळे लागली होती.